पेनड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट झाले, फॉरमॅट मारूनही पुन्हा तेच: काय करायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: झेरॉक्सच्या दुकानातून परत आणलेला पेनड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला लावला, तर आतले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. फॉरमॅट मारला, तरी दुसऱ्या दिवशी तेच. अँटिव्हायरस आहे, पण तो काही सापडले नाही म्हणतो. कॉम्प्युटर साफ कसा करायचा, आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करून ठेवायचे?

फॉरमॅट मारूनही हा व्हायरस परत येतो म्हणजे आता मूळ पेनड्राइव्हमध्ये नाही, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. पेनड्राइव्ह जोडला की काही सेकंदांत तिथला प्रोग्राम त्यावर स्वतःची प्रत टाकतो. म्हणून आधी कॉम्प्युटर साफ करायचा, मग पेनड्राइव्ह. बहुतेक लोक नेमके उलटे करतात आणि आठवडाभर फॉरमॅट मारत बसतात.

हा प्रकार चालतो कसा ते कळले की पुढच्या पायऱ्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. पूर्वी पेनड्राइव्हमध्ये ऑटोरन नावाची छोटी फाइल टाकली की विंडोज आपणहून आतला प्रोग्राम चालवायचे. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेला कॉन्फिकर नावाचा व्हायरस याही वाटेने पसरला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद केली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेट देऊन एक्सपी व व्हिस्टामध्येही बंद केली. आपोआप चालायचा रस्ता बुजल्यावर व्हायरस लिहिणाऱ्यांनी डबल क्लिक तुमच्याच हातून करून घ्यायला सुरुवात केली. तुमचे खरे फोल्डर ते लपवतात, म्हणजे त्यांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ हे दोन्ही गुण लावतात. मग प्रत्येक फोल्डरच्या नावाचा एक शॉर्टकट बनवतात, त्याला फोल्डरचेच चित्र देतात. तुम्ही ‘लग्नाचे फोटो’ वर डबल क्लिक करता, तेव्हा पडद्याआड एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, चालते, तीच खरा फोल्डरही उघडून दाखवते आणि तुम्हाला वाटते सगळे ठीक आहे. गामारू नावाच्या व्हायरस-कुटुंबातले काही प्रकार तर सगळ्या फाइली एका बिननावाच्या फोल्डरमध्ये हलवतात आणि बाहेर फक्त पेनड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट ठेवतात. उघडल्यावर पेनड्राइव्हच्या आत पुन्हा पेनड्राइव्ह दिसला, तर हाच प्रकार समजा.

नीट बोलायचे तर याला व्हायरस नव्हे, वर्म म्हणतात: तो दुसऱ्या फाइलीला चिकटत नाही, स्वतःच्या प्रती काढत फिरतो. पण दुकानात आणि घरात सगळे व्हायरसच म्हणतात, मीही तेच म्हणतो. महत्त्वाचे हे की तुमचा डेटा बहुधा गेलेला नसतो, फक्त लपवलेला असतो. रिकामा दिसतोय म्हणून घाईने फॉरमॅट मारला की मात्र तो खरोखर जातो.

आता साफसफाई. पेनड्राइव्ह काढून ठेवा, इंटरनेट बंद करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘डिटेल्स’ मध्ये जा, वरच्या रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’ मधून ‘कमांड लाइन’ हा रकाना जोडा. आता यादीत स्क्रिप्ट चालवणारी डब्ल्यूस्क्रिप्ट नावाची प्रोसेस शोधा. घरच्या कॉम्प्युटरवर ती सतत चालू असण्याचे सहसा काही कारण नसते. तिच्यापुढच्या कमांड लाइनमध्ये ज्या फाइलचा पत्ता दिसतो, ती तुमची गुन्हेगार. पत्ता बहुतेक वेळा ॲपडेटाच्या आतल्या रोमिंगमध्ये, टेम्पमध्ये नाहीतर प्रोग्रामडेटामध्ये असतो आणि नाव काहीतरी अगम्य अक्षरांचे. पत्ता आधी लिहून घ्या किंवा मोबाइलने फोटो काढा, मगच ‘एंड टास्क’ करा. उलट केले तर प्रोसेस मेल्यावर पत्ताही दिसेनासा होतो. नंतर त्या जागी जाऊन फाइल उडवा, रिसायकल बिनही रिकामे करा.

इथे थांबलात तर रीस्टार्ट केल्यावर तो परत येऊ शकतो, कारण विंडोज सुरू होताना त्याला उठवणारी नोंद अजून शिल्लक आहे. ती तीन ठिकाणी बघायची. टास्क मॅनेजरच्याच ‘स्टार्टअप’ भागात अनोळखी नाव असेल तर ‘डिसेबल’ करा. मग विंडोजच्या खुणेचे बटण आणि आर एकत्र दाबा आणि येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत शेल, त्यानंतर वरखाली दोन टिंबांचे चिन्ह, मग स्टार्टअप असे मध्ये जागा न सोडता टाइप करा. उघडलेल्या फोल्डरमध्ये तुम्ही न ठेवलेली स्क्रिप्ट किंवा शॉर्टकट असेल तर काढा. तिसरी जागा टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्राम चालवणारे विंडोजचे साधन. दर काही मिनिटांनी तीच फाइल परत तयार होत असेल तर संशय आधी तिथेच घ्या.

थोडे सरावलेले असाल तर मायक्रोसॉफ्टचे ऑटोरन्स हे मोफत साधन या सगळ्या जागा एकाच यादीत दाखवते. त्यात ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ चालू केले की यादी बरीच आखूड होते. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही. गुलाबी म्हणजे फाइल बनवणाऱ्याची खात्रीलायक सही नाही. गुलाबी दिसले की लगेच उडवू नका, प्रिंटरचे जुने सॉफ्टवेअरसुद्धा गुलाबी दिसते. आधी नुसती टिक काढा, रीस्टार्ट करा, सगळे चालते का पाहा, मग काढून टाका.

यातली एक गोष्ट वारंवार घाबरवते. अँटिव्हायरसने फाइल उडवलेली असते, पण उठवणारी नोंद राहते. मग रोज सकाळी विंडोज सुरू झाले की ‘विंडोज स्क्रिप्ट होस्ट’ अशा शीर्षकाची चौकट येते आणि स्क्रिप्ट फाइल सापडत नाही म्हणते. हा व्हायरस नव्हे, त्याची मागे राहिलेली चिठ्ठी आहे. ऑटोरन्समधली पिवळी ओळ काढली की चौकट बंद होते.

हाताने एवढे झाले की इंटरनेट परत जोडा आणि ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ मध्ये आधी अपडेट तपासा, मग ‘स्कॅन ऑप्शन्स’ मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. उघडलेले काम सेव्ह करून ठेवा, कारण कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू होतो आणि विंडोज चालू होण्याआधीच तपासणी करतो. साधारण पंधरा मिनिटे लागतात. तुमचा अँटिव्हायरस काही सापडले नाही म्हणाला, त्याचे एक संभाव्य कारण इथेच आहे: काही प्रकार स्वतःला विंडोजच्याच एखाद्या प्रोसेसमध्ये टोचून घेतात आणि चालू विंडोजमध्ये सहजी दिसत नाहीत. ऑफलाइन स्कॅनच्या वेळी ते चालूच नसतात, त्यामुळे लपायला जागा राहत नाही. त्यानंतर ‘फुल स्कॅन’ रात्री लावून झोपा, जुन्या हार्ड डिस्कवर तो काही तास घेतो.

दुसरे मत हवे असेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर वापरा. तो इन्स्टॉल करावा लागत नाही. डाउनलोड केल्यापासून दहा दिवसांनी तो निकामी होतो, म्हणून दरवेळी नवा उतरवायचा. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रावरही बॉट (दुसरा कोणी दुरून चालवतो असे छुपे प्रोग्राम) काढण्याची मोफत साधने मिळतात, पेनड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारे सी-डॅक या सरकारी संस्थेचे ‘यूएसबी प्रतिरोध’ही तिथेच. दोन पूर्ण अँटिव्हायरस मात्र एकत्र टाकू नका. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात आणि मशीन रांगायला लागते. नव्या लॅपटॉपबरोबर आलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली असेल, तर एकतर पैसे भरा नाहीतर तो काढून टाका. मुदत संपलेला अँटिव्हायरस घरात ठेवणे सगळ्यात वाईट, कारण तो असतो तोवर विंडोजसोबतच येणारा डिफेंडर बाजूला राहू शकतो आणि तुम्हाला वाटते पहारा आहे.

आता पेनड्राइव्ह. कॉम्प्युटर साफ झाल्याची खात्री झाल्यावरच लावा. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मध्ये ‘हिडन आयटम्स’ आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दोन्ही चालू करा. एवढ्याने फोल्डर दिसणार नाहीत, कारण त्यांना ‘सिस्टिम’ हा गुणही लावलेला आहे. ‘फोल्डर ऑप्शन्स’ उघडून ‘व्ह्यू’ मधली ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ ही टिक काढावी लागते, विंडोज इशारा देईल, ‘येस’ म्हणा. आता फिकट रंगाचे खरे फोल्डर दिसतील. त्यांच्यावर राइट क्लिक करून ‘हिडन’ काढायला गेलात तर ती टिक राखाडी दिसते, बदलत नाही. इंटरनेटवर यासाठी कमांड सांगतात, पण तिची गरज नाही. कॉम्प्युटरवर नवा फोल्डर बनवा, लपलेल्या फोल्डरच्या आत शिरा, आतल्या फाइली सिलेक्ट करून या नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. सहसा फक्त बाहेरचा फोल्डर लपवलेला असतो, आतल्या फाइली साध्याच असतात.

कॉपी करताना फक्त तुमचे घ्या: फोटो, पीडीएफ, वर्ड, एक्सेल. शॉर्टकट घेऊ नका. एक्स्टेन्शन दाखवायला सांगूनही विंडोज शॉर्टकटचे एक्स्टेन्शन दाखवत नाही, म्हणून ते नावावरून नव्हे, ‘डिटेल्स’ मांडणीतल्या ‘टाइप’ रकान्यावरून ओळखा. शिवाय एकदोन केबीचा फोल्डर असा काही प्रकार नसतो. खात्री करायची तर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ मधले ‘टार्गेट’ वाचा. तिथे फोल्डरच्या पत्त्याऐवजी सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट, पॉवरशेल, रनडीएलएल किंवा एमएसआयएक्झेक अशा नावाने सुरुवात असेल तर तो सापळा आहे. तुम्ही न बनवलेल्या व्हीबीएस, जेएस, एससीआर आणि ईएक्सई फाइलीही सोडून द्या. कॉपी केलेला फोल्डर स्कॅन करा, दोनचार फाइली उघडून पाहा आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. ‘क्विक फॉरमॅट’ पुरतो. फाइलींची यादीच पुसली गेल्यावर जुना प्रोग्राम चालवणारे कोणी उरत नाही. शेवटी ती काढलेली टिक परत लावा, नाहीतर घरातले कोणीतरी विंडोजची फाइल कचरा समजून उडवेल.

घरातले बाकीचे पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड, दुसरा लॅपटॉप हेही याच फेरीत तपासा, नाहीतर पंधरा दिवसांनी तुम्ही परत इथेच असाल. केबलने जोडलेला मोबाइल साधारणपणे या प्रकारातून सुटतो, कारण तो कॉम्प्युटरला ड्राइव्ह म्हणून दिसत नाही. त्याच मोबाइलचे कार्ड काढून रीडरमध्ये घातले, तर ते पेनड्राइव्हसारखेच.

काही वेळा साफ करण्याचा हट्ट सोडून विंडोज नव्याने टाकणे स्वस्त पडते. डिफेंडर उघडतच नाही, घरच्या कॉम्प्युटरवर ‘ही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते’ असा मजकूर दिसतो, किंवा त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात आणि आत पासवर्ड चोरणारे काही सापडले, तर माझा सल्ला सरळ आहे: कामाच्या फाइली काढून घ्या आणि ‘रीसेट धिस पीसी’ मधून ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’, मग ‘क्लाउड डाउनलोड’. त्याला सुमारे ४ जीबी डेटा लागतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर आधी पॅक बघा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून, आणि प्रत्येक खात्यातून ‘सगळीकडून लॉग आउट’ करून. असे चोर ब्राउझरमधले चालू लॉगिनही उचलतात, नुसता पासवर्ड बदलून काही ठिकाणी ते आतच राहतात. पैसे गेले असतील तर आधी बँक आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक, कॉम्प्युटर नंतर.

उलट, जे व्हायरस नसते त्यावरही बराच वेळ जातो. पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस’ असे सतत येत असेल, तर बहुधा एखाद्या वेबसाइटला तुम्ही नोटिफिकेशनची परवानगी दिली आहे. क्रोममध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ इथे जाऊन अनोळखी साइट काढा, संपले. त्यात दिलेल्या क्रमांकावर फोन करू नका. मशीन हळू आहे आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के दिसते, तर दोष बऱ्याचदा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो, एसएसडी टाकल्याने तो जातो, स्कॅनने नाही.

पुढची काळजी घ्यायची तर मी पेनड्राइव्हपेक्षा क्रॅकला, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरला, जास्त घाबरेन. शॉर्टकटवाला वर्म त्रास देतो, पण क्रॅकमधून येणारे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, घरच्या फोटोंवर उठते. हिशेबाचे, डीटीपीचे, फोटोंचे सॉफ्टवेअर ‘फुल व्हर्जन’ म्हणून उतरवतात आणि सोबतच्या सूचनांमध्ये पहिलीच ओळ असते की अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे तुम्हीच दार उघडून देता. २०१८ पासून दिसणारे स्टॉप उर्फ डीजेव्हीयू हे कुटुंब मुख्यतः याच वाटेने घराघरांत गेले. ते फाइलींना भलतेच एक्स्टेन्शन लावते, खंडणीची चिठ्ठी ठेवते आणि ९८० डॉलर मागते, ७२ तासांत दिले तर निम्मे. वेळ वाचवायला ते प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा सुमारे १५० केबी भाग कुलूपबंद करते, म्हणून मोठे व्हिडिओ कधीकधी दुरुस्त होतात. वर्डची छोटी फाइल मात्र पूर्ण जाते. चिठ्ठीतला वैयक्तिक क्रमांक टी आणि १ या दोन खुणांनी संपत असेल, तर किल्ली ऑफलाइन प्रकारची, म्हणजे अनेकांना सारखीच लावलेली, आहे आणि एम्सिसॉफ्ट या कंपनीच्या मोफत साधनाने फाइली सुटण्याची आशा असते. बाकी कुटुंबांसाठी युरोपोल आणि डच पोलिसांनी कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ च्या साइटवर शोधा. आज किल्ली नसेल तरी कुलूपबंद फाइली एका डिस्कवर ठेवून द्या, किल्ल्या नंतरही बाहेर येतात. पत्र आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस मोफत आहे, मराठी टायपिंगचा कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, त्यासाठी कुठलाही क्रॅक लागत नाही.

विंडोजचे अपडेट बंद करून ठेवण्याची सवयही अशीच महाग पडते. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला पसरले, त्याने वापरलेल्या छिद्राचा अपडेट १४ मार्चलाच आलेला होता. त्याला कोणाच्या डबल क्लिकची गरज नव्हती. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीन विंडोज ११ घेत नसेल तर जादा सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवा. डिफेंडरला व्हायरसच्या नव्या नोंदी मिळत राहतात हे खरे, पण नोंदींनी विंडोजमधले छिद्र बुजत नाही.

रोजच्या वापरासाठी ‘स्टँडर्ड’ खाते बनवा आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खाते वेगळ्या पासवर्डने ठेवा, विशेषतः मुले तेच मशीन वापरत असतील तर. याची मर्यादाही माहीत हवी: विंडोजमध्ये खोलवर शिरणे अवघड होते, पण तुमच्या स्वतःच्या फाइलींवर त्या खात्यातूनही रॅन्समवेअर हात मारू शकते. त्यासाठी ‘विंडोज सिक्युरिटी’ च्या ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ मधले ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू करा. ते डिफेंडर कामावर असेल तरच चालते. ते मुळात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डरच राखते. आपल्याकडे बहुतेक मशीनवर खरा डेटा डी नाहीतर ई ड्राइव्हमध्ये असतो, तो ‘प्रोटेक्टेड फोल्डर्स’ मध्ये स्वतः जोडावा लागतो. सुरुवातीचे काही दिवस एखादा चांगला प्रोग्रामही अडेल, त्याला ‘अलाउ’ च्या यादीत घाला. कंटाळून सगळेच बंद करू नका.

डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. बहुतेक घरी तो त्याच डिस्कचा तुकडा असतो, आणि रॅन्समवेअरला सी आणि डी सारखेच. विंडोजने आपणहून ठेवलेल्या जुन्या प्रतीही ते आधी पुसते. गुगल ड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमध्ये बिघडलेली फाइल वरही चढते. तिथे जुनी आवृत्ती ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत मिळते, पण शेकडो फोटो एकेक करून परत आणणे किती वेळखाऊ आहे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडा, प्रत घ्या, काढून कपाटात ठेवा. अधूनमधून तीच डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चारदोन फाइली उघडून पाहा. आणि मशीनमध्ये शॉर्टकटवाला प्रकार असल्याची शंका आली, तर ऑफलाइन स्कॅन स्वच्छ येईपर्यंत ती डिस्क कपाटातच राहू द्या.